औषधांच्या जाहिरातींवर एवढी बंधनं कशाला? साबणाच्या जाहिरातींवर तर नसतात!

साबण नाही आवडला तर पुढच्या वेळी दुसरा आणता येतो. औषधाचं तसं नाही. ते लागू पडतंय की आतून त्रास देतंय, हे घेणाऱ्याला कळेलच असं नाही. म्हणूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची थेट लोकांपुढे जाहिरात बहुतेक देशांत चालत नाही. अमेरिका आणि न्यूझीलंड हे ठळक अपवाद.

अमेरिकेत १९९७ मध्ये टीव्हीवरच्या जाहिरातींचे नियम सैल झाले. पुढे व्हायॉक्स हे सांधेदुखीचं औषध जाहिरातींच्या जोरावर तुफान खपलं. हृदयविकाराचा धोका वाढतो असं दिसल्यावर २००४ मध्ये कंपनीलाच ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. साध्या वेदनाशामक गोळीवर ज्यांचं भागलं असतं, असेही कित्येक जण ते घेत होते.

दुष्परिणाम सांगायची सक्ती तिथेही आहे हो! पण अशी जाहिरात एकदा नीट बघा. दुष्परिणामांची यादी भराभर वाचली जात असते, तेव्हा पडद्यावर आजोबा नातवंडांबरोबर बागेत पळत असतात. लक्षात काय राहणार? आजोबा! त्यामुळे माझ्या मते जाहिरात दाखवण्याआधीच तपासली जावी, चित्रांसकट. नंतरच्या दंडाने फारसं काही साधत नाही, तोवर माल खपलेला असतो.