तुमचे प्रश्न : ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवताना तडकतो का?

प्रश्न : ३ मिमीचा ६०६१-टी६ पत्रा प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) ९० अंशात वाकवला की बाहेरून तडे जातात, काही पीस तर सरळ तुटतात. सप्लायर म्हणतो माल ओके आहे, ऑपरेटर म्हणतो मालच खराब. खरं कोणाचं?

उत्तर : माल चांगलाच असणार, फक्त तो असा वाकवायचा नाहीये. ६०६१ हा नंबर धातूत काय मिसळलंय तेवढंच सांगतो, मुख्यतः मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. पत्रा आत्ता कुठल्या अवस्थेत आहे ते पुढचं टेंपर, म्हणजे इथे टी६, सांगतं आणि ऑर्डर देताना नेमकं तेच कोणी वाचत नाही. टी६ म्हणजे पत्रा साधारण ५३० अंश सेल्सियसला तापवून झटकन थंड केला आणि मग १६० ते १७५ अंशांवर कित्येक तास भट्टीत ठेवला. त्या तासांत आत अतिसूक्ष्म कण तयार होतात, ते धातूच्या थरांना एकमेकांवरून सरकू देत नाहीत, ताकद येते ती त्याच्यामुळेच, पण वाकायचं म्हणजे थर सरकायलाच हवेत ना, ते सरकले नाहीत की ताणलेली बाहेरची बाजू फाटते.

टी६च हवा असेल तर आतली त्रिज्या जाडीच्या निदान तिप्पट-चौपट ठेवा. पत्र्यावर रोलिंगच्या बारीक रेषा दिसतात, बेंड त्या रेषांना आडवा यायला पाहिजे, समांतर आला की तडा लवकर जातो. कापलेल्या कडेची बर (कापताना उरलेली खरखरीत धार) घासून काढा, कारण बऱ्याचदा तडा तिथूनच सुरू होतो. आणि बेंडची खूण टोकदार स्क्रायबरने ओढू नका प्लीज, मार्कर वापरा, तो बारीक ओरखडाही तड्याला पुरतो. गॅसने गरम करून वाकवा असा सल्ला हमखास मिळतो, पत्रा तडकत नाही हे खरंय, पण गरम केलेल्या पट्ट्यात टी६ ची ताकदही उरत नाही, म्हणजे जिथे जास्त जोर येणार तिथेच पार्ट मऊ.

त्यापेक्षा ६०६१-टी४ घ्या, म्हणजे तापवून थंड केलेला पण भट्टीत न ठेवलेला, तो वाकवा आणि मग भट्टीतले ते तास, म्हणजे एजिंग, करून घ्या. एवढ्या ताकदीची गरजच नसेल, नुसती पेटी नाहीतर ब्रॅकेट असेल, तर ५०५२-एच३२ हा दुसरा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, मी तरी तोच घेईन. वाकायला खूपच सोयीचा आहे.

प्रश्न : ॲल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश वजनाचं, मग झाकणाला १ मिमी स्टीलऐवजी १ मिमी ॲल्युमिनियम लावलं तर चालेल ना?

उत्तर : झाकण लचकेल. घनता २.७ विरुद्ध ७.८५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे, पण ताठपणाही तसाच एक तृतीयांश आहे, स्टीलचा २०० गिगापास्कल तर ॲल्युमिनियमचा ७०. आणि महागडा जास्त ताकदीचा अलॉय (मिश्रधातू) घेऊन हे सुटत नाही, ५०५२ काय आणि ७०७५ काय, ताठपणा जवळपास तोच. बरं, सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे जाडी तिप्पट करायची गरज नाही, १.४ ते १.४५ मिमी पुरते. हिशोब केला तर वजन स्टीलच्या निम्म्याच्या आसपास येतं. कागदावर दोन तृतीयांश बचत धरून डिझाइन केलं असेल तर ते आत्ताच बदला.

प्रश्न : ॲल्युमिनियमला स्टीलचे बोल्ट लावले तर?

उत्तर : कोरड्या जागी चालतात. ओल असेल तिथे मात्र बोल्टभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मधे नायलॉनचा वॉशर आणि बुश (बोल्टभोवतीची नळी) टाका.

प्रश्न : जाड ढेपेपासून १ मिमीचा पत्रा नेमका होतो कसा?

उत्तर : आधी बऱ्याचदा ५००-६०० मिमी जाडीचा स्लॅब ओततात. त्याचा वरचा खडबडीत थर मिलिंग करून काढतात आणि स्लॅब ५०० अंशांच्या आसपास तासनतास तापवतात, कारण ओतलेला धातू गोठताना मिसळलेली द्रव्यं सगळीकडे सारखी पसरत नाहीत, ती या उष्णतेत पसरतात. ही पायरी घाईत उरकली तर पुढे लाटताना कडा फाटतात. मग गरम असतानाच रोलमधून पुढेमागे लाटून काही मिमीपर्यंत आणतात, कॉइल गुंडाळतात आणि पुढचं रोलिंग थंड. थंड रोलिंगमध्ये प्रत्येक फेरीला पत्रा कडक होत जातो, फारच कडक झाला की मधे ३५० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. शेवटच्या मऊ अवस्थेनंतर किती लाटला त्यावर टेंपर ठरतं, एच१४ अर्धा कडक, एच१८ पूर्ण कडक. ५०५२ च्या एच३२ मध्ये शेवटी हलकी उष्णताही देतात, नाहीतर तो पडून पडून हळूहळू मऊ होत राहतो.

प्रश्न : मॅग्नेशियम तर अजून हलकं, मग त्याचा पत्रा सगळीकडे का नाही?

उत्तर : घनता १.७४, त्यामुळे मोह होतो खरा. अडचण त्याच्या स्फटिकांच्या षटकोनी रचनेत आहे, साध्या तापमानाला त्यात थर सरकायच्या वाटाच कमी, थंड वाकवला की तुटतो. २०० अंशांच्या वर गेलं की अजून वाटा उघडतात, म्हणून एझेड३१ सारख्या मॅग्नेशियम अलॉयचा पत्रा साधारण २५० ते ४०० अंशांत लाटतात, आणि पातळ पत्रा पटकन थंड होतो म्हणून फेऱ्यांच्या मधे पुन्हा तापवतात. पार्ट बनवतानाही डाय (साचा) गरम ठेवावी लागते. खर्च वाढतो तो इथे.

अख्खा पत्रा सहजी पेट घेत नाही, तो उष्णता पसरवून टाकतो. भीती आहे ती ड्रिलिंग-ग्राइंडिंगच्या भुग्याची आणि बारीक चिप्सची. तो पेटला तर पाणी अजिबात मारू नका, जळतं मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन सोडवतं आणि आग भडकते. मशीनशेजारी कोरडी वाळू आणि डी क्लासचं (धातूच्या आगीसाठीचं) एक्स्टिंग्विशर ठेवा, आणि भुगा रोजच्या रोज उचला, स्टील घासायच्या ग्राइंडरखाली तर तो साचूच देऊ नका.