वाचकांचे प्रश्न : स्वतःचा मेल सर्व्हर आणि स्पॅमची गाळणी

प्रश्न : आमच्या वाचनालयाचा मेल सर्व्हर आम्हीच सांभाळतो. डेबियन लिनक्सवर मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, पेट्या सांभाळणारा डोव्हकॉट आणि महिन्याभरापूर्वी बसवलेली स्पॅमची गाळणी आरस्पॅमडी. ३०० स्पॅम शिकवले, त्यांत हिंदीतल्या कर्जाच्या जाहिराती जास्त. चांगले मेल म्हणून २२० इंग्रजी बिले-पावत्या दिल्या. तरी स्पॅम येतोच, वर सभासदांची मराठी पत्रे जंकमध्ये पडतात. लॉगमध्ये ‘ब्लॉक्ड ओपनरिझॉल्व्हर’ असे दिसते.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : हे दोन वेगळे बिघाड आहेत. आधी लॉगमधला धरा. समोरच्या सर्व्हरचा आयपी पत्ता बदनाम आहे का, हे आरस्पॅमडी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या काळ्या यादीला डीएनएसमधून (इंटरनेटवरची नावे-पत्ते शोधण्याची व्यवस्था) विचारतो. तुमचे डीएनएसचे प्रश्न गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडून (उत्तर शोधून देणाऱ्या सर्व्हरकडून) जात असले, तर स्पॅमहाउस खरे उत्तर देतच नाही. गाळणी चालू दिसते, पण तिचा मोठा आधार निखळलेला असतो.

त्याच सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा. त्यात फॉरवर्डिंग (प्रश्न दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे ढकलणे) ठेवू नका, नाहीतर प्रश्न पुन्हा सार्वजनिक रिझॉल्व्हरकडूनच जातील. मग आरस्पॅमडीच्या ऑप्शन्स फाइलीत नेमसर्व्हर १२७.०.०.१ (म्हणजे हाच सर्व्हर) लिहा. खात्रीसाठी ‘डिग’ या डीएनएस तपासणाऱ्या आज्ञेने २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग हा चाचणीचा पत्ता विचारा. १२७.०.०.२ आणि त्याच्या जोडीची उत्तरे आली, की काम झाले. १२७.२५५.२५५.२५४ आले, तर गाडी अजून सार्वजनिक रिझॉल्व्हरवरच अडली आहे. पोस्टफिक्समध्ये थेट आरबीएल (अशीच काळी यादी) तपासणारी जुनी ओळ राहिली असेल तर ती आजच काढा. १२७.२५५.२५५.२५४ हे ‘नाकारले’वाले उत्तरच ती ‘यादीत आहे’ असे वाचते आणि येणारा प्रत्येक मेल परत पाठवते.

मराठी पत्रांचा दोष तुमच्या शिकवणीत आहे. बेझ, म्हणजे नमुन्यांवरून शिकणारा आरस्पॅमडीचा भाग, भाषा ओळखत नाही, शब्द मोजतो. ‘कृपया’, ‘संपर्क’, ‘सूचना’, ‘धन्यवाद’ हे शब्द त्याने फक्त कर्जाच्या जाहिरातींत पाहिले, चांगल्या मेलमध्ये एकदाही नाही. सभासदाने ‘कृपया पुस्तकाची मुदत वाढवावी’ लिहिले, की स्पॅमचे गुण चढतात. इनबॉक्समधली मराठी आणि कोंकणी मिळून निदान २०० खरी पत्रे ‘आरस्पॅमसी लर्न_हॅम’ या आज्ञेने शिकवा (हॅम म्हणजे चांगला मेल). पोर्तुगीज पत्रव्यवहार असेल तर तोही घाला. दोन्ही बाजूंचे किमान २०० नमुने होईपर्यंत बेझ मूळ सेटिंगमध्ये तोंडच उघडत नाही. म्हणजे तुमच्याकडे तो नेमका अर्धवट शिकून बोलू लागला आहे.

पुढची शिकवणी डोव्हकॉटच्या आयमॅपसीव्हवर (मेल हलवला की स्क्रिप्ट चालवणारी सोय) सोपवा : जंकमध्ये टाकले की स्पॅम, जंकमधून बाहेर काढले की हॅम. मात्र जंकमधून ट्रॅशमध्ये टाकलेला मेल हॅम धरू नये, अशी अट स्क्रिप्टमध्ये घालाच. ही अट राहून गेली, की रोज जंक साफ करणारा माणूस नकळत गाळणीला उलटे शिकवत बसतो.

प्रश्न : गेस्टहाउसच्या बुकिंगचे ओटीपी अर्धा-अर्धा तास उशिरा येतात. — मांद्रे

उत्तर : हे ग्रेलिस्टिंग. अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने या’ सांगितले जाते. आपली अट ५ मिनिटांची असते, पण समोरचा पुन्हा कधी येईल ते त्याच्या हाती. पोस्टग्रे (ग्रेलिस्टिंगचा वेगळा प्रोग्रॅम) असेल तर तो काढा, तो अनोळखी सर्व्हरना सरसकट थांबवतो. आरस्पॅमडी ४ गुणांच्या पुढेच थांबवतो. तरीही अडत असेल, तर ॲक्शन्स फाइलीत ग्रेलिस्टला ‘नल’ (म्हणजे बंद) करा. जंकचे ६ आणि नाकारण्याचे १५ हे आकडे महिनाभर तरी हलवू नका.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते. मेल बुडू नये म्हणून दुसरा, बॅकअप एमएक्स (मेल स्वीकारणारा सर्व्हर) ठेवावा का? — सत्तरी

उत्तर : नको. पाठवणारे सर्व्हर साधारण ४-५ दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतात, एका रात्रीच्या काळोखाने मेल बुडत नाही. उलट स्पॅमवाले मुद्दाम बॅकअप शोधतात, कारण तिथली गाळणी ढिली असते. बॅकअपने घेतलेला स्पॅम तुमचा मुख्य सर्व्हर नाकारतो, मग बॅकअप तो खोट्या ‘प्रेषका’ला परत पाठवतो आणि स्वतःच काळ्या यादीत जातो.

वीज आल्यावर मात्र एक गोष्ट बघा. रेडिस (आरस्पॅमडी आपली माहिती ज्यात ठेवतो तो डेटाबेस) उठला नसेल तर बेझ आणि ग्रेलिस्टिंग दोन्ही गप्प असतात. आणि पोस्टफिक्समध्ये ‘मिल्टर_डिफॉल्ट_ॲक्शन’ला (गाळणी बंद असताना काय करायचे ती ओळ) ‘ॲक्सेप्ट’, म्हणजे ‘तसाच आत घ्या’, लिहा, असे बरेच जण सुचवतात. आमचे मत उलट आहे. ‘टेंपफेल’च (‘नंतर या’) राहू द्या. आरस्पॅमडी बंद असताना मेल बाहेर थांबेल आणि तो उठला की गाळून आत येईल.