घोडबंदर रोडवर बाईक आपोआप डावी-उजवी पळते, हँडल सरळ राहत नाही. काय दुरुस्त करावं?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: ‘मेकॅनिकने कोनसेट टाईट केल्यावर खडखड थांबली, पण बाईक आधीपेक्षा जास्त पळायला लागली.’ कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग: वाट्या आणि त्यांत बसलेले छर्रे. १२५ सीसी बाईक, ३१ हजार किलोमीटर झालेले, पुढचा टायर नवा, चेन नुकतीच ताणलेली, आणि तरीही कासारवडवली ते माजिवडा हँडलशी झटापट. पत्नी आता मागे बसायला घाबरतात, असंही तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दुखणं त्या कोनसेटमध्येच आहे. तेवढं तपासून होईपर्यंत दुसरा एकही पार्ट विकत घेऊ नका.

मी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मानपाड्याहून कळवा-विटाव्यामार्गे रोज बाईकनेच जातो. दोन वर्षांपूर्वी माझ्या बाईकला हेच झालं होतं. मी आधी टायर बदलला, मग पुढचे शॉकअप खोलून घेतले, आणि शेवटी दोष निघाला हँडलखालच्या वाट्यांत.

बाईक मेन स्टँडवर लावा. कुणाला तरी मागचं कॅरियर खाली दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल मधोमध आणून एका बोटाने हलकेच ढकला. ते स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत वळलं पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखंच. ते जड जात असेल तर कोनसेट जास्त आवळलाय. बरोबर मध्यावर येऊन ‘टक्’ करून बसत असेल, तर वाट्यांना खाचा पडल्या आहेत. नंतर शॉकअपची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. तिथे खडखड लागली तर कोनसेट सैल आहे.

खाचा मधेच का पडतात? आपण खड्ड्यात आदळतो तेव्हा हँडल जवळजवळ नेहमी सरळच असतं. त्यामुळे आतले छर्रे वाटीवर त्याच त्या जागी ठोकले जातात आणि तिथे त्यांचं घरच तयार होतं. असा सेट आवळला की खडखड जाते, पण छर्रे त्या घरात आणखी घट्ट रुततात. दुचाकी सरळ चालते ती हँडल सतत बारीक-बारीक हलून तोल सावरत असतं म्हणून. ते हलणंच अडलं की बाईक थोडी कलते, तुम्ही जोर लावता, हँडल घरातून झटक्यात सुटतं आणि गरजेपेक्षा जास्त वळतं. मग उलट बाजूला तेच. तुम्ही ज्याला ‘पळते’ म्हणताय ते हेच असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. हे कमी वेगात, ट्रॅफिकमध्ये रांगताना सगळ्यात जास्त जाणवतं. तुमचंही तसंच आहे का ते बघा.

खाचा असतील तर पूर्ण सेट बदलून घ्या. नुसते छर्रे बदलून, ग्रीस भरून परत दिला तर महिन्याभरात तिथेच याल. वाट्या ठोकून बसवताना त्या तळापर्यंत टेकल्या आहेत ना, हे उभं राहून बघा. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: खालची रिंग नीट सेट केल्यावर वरचा मोठा नट आवळला की सेट पुन्हा थोडा टाईट होतो. म्हणून बोटाची ती चाचणी वरचा नट आवळून झाल्यावर परत करायची. पहिल्या ४००-५०० किलोमीटरनंतर नवा सेट थोडा बसतो, तेव्हा एकदा पुन्हा तपासून घ्यायचा.

चेन ताणली म्हणताय, तर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरवरच्या खुणाही मोजा. एक बाजू एक खूण पुढे राहिली तरी चाक तिरकं बसतं आणि बाईक एका बाजूला ओढते. खुणांवर भरवसा नसेल तर दोरी घ्या. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून ती दोन्ही बाजूंनी ताणून पुढच्या चाकापर्यंत न्या. हँडल सरळ असताना पुढच्या टायरच्या दोन्ही अंगांना अंतर सारखं यायला हवं. मागचं चाक हाताने आडवं हलवून बघा. चिमटा बुश (मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या सांध्यातला बुश) झिजला असेल तर तिथेच कळेल.

हवा मात्र स्वतः उभं राहून भरा. पंपावर पुढे-मागे सरसकट ३५ भरून देतात. अशा बहुतेक बाईकना पुढे २५च्या आसपास लागते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळेल. जास्त हवेचा कडक टायर प्रत्येक खडबडीवर उडतो. नव्या टायरचं मापही वाचा. कंपनीचं ८०/१००-१८ होतं आणि दुकानदाराने जाड टायर ‘ग्रिप चांगली’ म्हणून चढवला असेल, तर तो रस्त्यावरच्या चिरा जास्त पकडणार. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, तेही बघा.

आता रस्ता. घोडबंदरवर अवजड वाहनांनी डांबर दाबून चाकोऱ्या पाडल्या आहेत. मेट्रोच्या कामाने कुठे काँक्रीट, कुठे डांबर, मधे लोखंडी प्लेट. चाकोरीच्या उतरत्या कडेवर टायर टेकला की चांगली बाईकसुद्धा खाली घसरायला बघते. तो बाईकचा दोष नाही. म्हणून दुरुस्तीनंतरची चाचणी तिथे घेऊच नका. सकाळी सहाच्या सुमाराला ऐरोलीच्या एखाद्या सेक्टरमधल्या सपाट, रिकाम्या रस्त्यावर घ्या, तीस-चाळीसच्या वेगात, दोन्ही हात हँडलवर ठेवून. तिथे सरळ चालली आणि घोडबंदरवर पळाली, तर उरलेलं काम रस्त्याचं आहे.

तिथे हँडल घट्ट आवळून धरणं सोडा. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं सैल ठेवा, आणि काँक्रीट-डांबराची कड लागली की तिच्या बाजूने रेंगाळू नका. वेग कमी करा आणि शक्य तितक्या मोठ्या कोनातून ती ओलांडा. प्लेटवर पावसात ब्रेक लावू नका.

पत्नींना मागे बसवण्याआधी मागच्या चाकात स्टिकरवरची डबलसीटची हवा भरा. आणि पहिली चक्कर घोडबंदरवर नको, ऐरोलीच्याच त्या रस्त्यावर मारा.