शेवाळावर सांडपाणी साफ करायचंय? तुमचे प्रश्न

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं हिरवं पाणी आणि सांडपाणी साफ करणारं शेवाळ यात इतके जण गल्लत करतात की यावेळी सगळे प्रश्न एकदमच घेतो.

तळं हिरवं झालं म्हणजे पाणी आपोआप साफ होतंय ना? (रंकाळा परिसर)

नाही. ते शेवाळ नाल्याच्या पाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन माजतं, तिथंच मरतं, कुजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. शेवाळ बाहेर काढलं तरच घाण बाहेर गेली.

आमची 60 फ्लॅटची सोसायटी. एजंट म्हणतो टाकीत शेवाळाची पावडर टाका, एसटीपी (सांडपाणी साफ करायचा प्लांट) नको, लाईट बिल नको. (फुलेवाडी)

त्याला आधी विचारा, बंद टाकीत ऊन कुठनं येणार? उन्हाशिवाय शेवाळ ऑक्सिजन सोडत नाही, आणि त्या ऑक्सिजनवरच मैला खाणारे बॅक्टेरिया जगतात. खरी पद्धत म्हणजे फूटभर खोलीचा उघडा हौद, पाणी फिरवत ठेवणारं चाक आणि हौदात पाण्याचा साधारण पाच दिवस मुक्काम. तुमचं रोजचं 40 हजार लिटर धरलं तर साडेसहा गुंठे नुसत्या हौदाला लागतील, आहेत का? सही करायच्या आधी पर्यावरण इंजिनिअरला जागा दाखवा.

मग महापालिका सगळं पाणी असंच का करत नाही?

त्याच हिशोबानं रोजच्या 10 लाख लिटरला चार एकर. शहरात एवढी जागा दाखवा.

शेवाळातनं डिझेल निघतं म्हणे?

लॅबमध्ये निघतं, परवडत नाही. बायोगॅस करा.

नाल्याच्या पाण्यावर वाढवलेलं शेवाळ वाळवून म्हशीला घातलं तर? स्पिरुलिना तर माणसंपण खातात. (करवीर तालुका)

घालू नका. हा प्रश्न सारखा येतोय आणि दरवेळी कुणीतरी व्हिडिओ बघितलेला असतो. खायची स्पिरुलिना स्वच्छ पाण्यात, मोजून खतं घालून वाढवतात. तुमच्या नाल्यात घरातला मैला, दवाखान्याचं पाणी, एखाद्या प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देणाऱ्या) वर्कशॉपचं पाणी सगळं एकत्र येतं, आणि शेवाळाची पेशी क्रोमियम, निकेल, कॅडमियम, शिसं स्वतःच्या भिंतीला धरून ठेवते. म्हणजे पाण्यात पातळ असलेलं विष पावडरीत घट्ट होतं. वाळवून जंतू कमी होतील पण धातू कुठं जाणार? उघड्या हौदात मायक्रोसिस्टिस हे विषारी निळं-हिरवं शेवाळ शिरलं तर त्याचं विष थेट लिव्हरवर, आणि ते उकळूनसुद्धा जात नाही. "प्रोटीन 50 टक्के" असं पोत्यावर छापणाऱ्याकडे त्याच बॅचचा धातूंचा रिपोर्ट मागा, लगेच विषय बदलतो. रिपोर्ट नसेल तर पोतं परत करा. खत म्हणून वापरायचं असेल तरी आधी धातू आणि जंतू तपासून घ्या, कृषी अधिकाऱ्याला दाखवा, भाजीपाल्याला तर नकोच. आधीच घातलं असेल तर आजच बंद करा आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवा, उद्यावर ढकलू नका.

शेवाळ गाळायचं कसं? कापडातनं सगळं निसटतं.

निसटणारच, क्लोरेला या शेवाळाची पेशी केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. बॅक्टेरियाबरोबर गुठळ्या होऊ देतात, मग त्या आपोआप तळाला बसतात. खर्चाचा मोठा भाग इथंच जातो आणि कोटेशनमध्ये नेमका हाच आकडा नसतो.

पावसाळ्यात चालेल?

जुलैत आपल्याकडं आठवडा-आठवडा ऊन नसतं, वर पावसानं हौद पातळ होतो. काम मंदावतं, मुक्काम वाढवावा लागतो, म्हणून डिझाईन पावसाळ्याच्या आकड्यावर करून घ्या, एप्रिलच्या नाही.