पंचनाम्यापासून लेखापरीक्षणापर्यंत : आपत्ती निधीविषयी वाचकांचे प्रश्न

कोकणातल्या नगरपरिषदांच्या लेखा विभागात उभी नोकरी करून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका या वेळी पूर-वादळानंतर येणाऱ्या सरकारी पैशाबद्दल वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आले आहे. माझ्या वॉर्डातून एक पऱ्या वाहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याचं पाणी तीस-चाळीस घरांत शिरलं. लोक आजही मला अडवून विचारतात, "केंद्राचे एवढे हजार कोटी आले, मग पऱ्याला भिंत का नाही?" मी काय सांगू? आणि कार्यालयात नेमकं काय मागू?
– एक नगरसेविका

उत्तर : तुमच्या लोकांचा राग खरा आहे, पण त्यांच्या प्रश्नात दोन वेगळे पैसे एक झालेत. पुरानंतर ३ ऑगस्टला जाहीर झालेलं ११,५०० कोटींचं पॅकेज राज्य सरकारचं होतं. त्यातले १,५०० कोटी तातडीच्या मदतीचे, ३,००० कोटी पुनर्बांधणीचे आणि ७,००० कोटी दीर्घकालीन उपाययोजनांचे. टीव्हीवर आकडा मात्र एकच झळकला, आणि ज्याच्या घरात गुडघाभर चिखल होता त्याला वाटलं की हे सगळे पैसे आत्ता येणार.

केंद्राचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जे निधी उभे केले त्यांतले मदतीसाठीचे दोन मुख्य, एक राज्याचा आणि एक राष्ट्रीय. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्र ७५ टक्के घालतं आणि राज्य २५ टक्के. केंद्राचा हिस्सा दोन हप्त्यांत येतो, मग त्या वर्षी पूर येवो न येवो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी एकूण रकमेची वाटणीही ठरवून दिली : ४० टक्के बचाव आणि मदतीला, ३० टक्के पुनर्बांधणीला, १० टक्के पूर्वतयारीला आणि २० टक्के सौम्यीकरणाच्या वेगळ्या निधीला, म्हणजे पुढची आपत्ती सौम्य व्हावी अशा कामांना. राज्याचा निधी पुरला नाही तर राज्य दिल्लीला निवेदन पाठवतं, केंद्राचं पथक पाहणी करून जातं आणि मग राष्ट्रीय निधीतून रक्कम मंजूर होते. पण १ एप्रिलला राज्याच्या निधीत जी शिल्लक असेल तिच्या निम्मी रक्कम या मंजुरीतून वजा होते. मंजूर आकडा आणि हाती पडलेला आकडा यांत फरक दिसतो तो बऱ्याचदा यामुळे.

या सगळ्या प्रवासात नगरपरिषद अगदी शेवटी उभी असते. मदत व पुनर्वसन विभाग, कोकण भवनातले विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि मग आपण. दिल्लीहून थेट आपल्या खात्यात काही येत नाही. वॉर्डात हे स्पष्ट सांगा, लोकांना समजतं.

आता तुमची भिंत. कार्यालयात जाऊन पहिल्यांदा एकच कागद मागा : पुरानंतर नगरपरिषदेने जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवलेला सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा अहवाल. त्यात तुमचा पऱ्या आहे का ते बघा. जुना चिऱ्याचा बांध होता आणि तो वाहून गेला, अशी नोंद असेल तर तुमची मागणी दुरुस्तीची ठरते आणि पाठपुराव्याला आधार मिळतो. तिथे आधी काहीच नव्हतं आणि आता नवी भिंत हवी असेल, तर ते प्रतिसाद निधीचं काम नाही. ते सौम्यीकरणाचं काम आहे आणि त्यासाठी वेगळा प्रस्ताव लागतो. अनेक गावांत वर्षानुवर्षं चुकीच्या दारावर अर्ज पडून आहेत ते इथेच.

प्रस्तावासाठी पुराच्या पाण्याची पातळी गोळा करा. ज्या घरांत पाणी शिरलं त्यांतल्या कित्येक भिंतींवर अजून तो मातकट पट्टा असेल. रंगकाम होण्याआधी नगरपरिषदेच्या अभियंत्याला घेऊन जा, टेपने जमिनीपासूनची उंची मोजा, मालकाची सही घ्या, फोटो काढा. चाळीस घरांच्या अशा चाळीस नोंदी नकाशावर मांडल्या की त्या प्रस्तावाला सहजासहजी कोणी बाजूला ठेवू शकत नाही.

प्रश्न : मी एका नगरपंचायतीत कनिष्ठ अभियंता आहे. वादळानंतर पडलेली झाडं आणि गाळ उचलायला आम्ही जेसीबी, डंपर लावले. दिवसरात्र काम झालं, गाव चार दिवसांत मोकळं झालं. आता लेखापरीक्षणात त्या बिलांवर आक्षेप निघालाय : "यंत्राच्या तासांचा पुरावा नाही, दर कशावरून ठरले ते दिसत नाही." तेव्हाचे मुख्याधिकारी बदलून गेले. वरिष्ठ तोंडी म्हणतात, "लॉगशीट आता तयार करा." काय करू?
– नाव छापू नये

उत्तर : लॉगशीट आता तयार करू नका. मागच्या तारखेचा एकही कागद करू नका, कोणीही सांगितलं तरी. काम खरं होतं, पैसा योग्य ठिकाणी गेला होता, हे तुम्हाला माहीत आहे. खोटा कागद जोडलात की खरं कामही खोट्याच्या रांगेत जाऊन बसतं, आणि वसुली निघाली तर सही तुमची असते, तोंडी सांगणाऱ्याची नसते.

जे खरंच शिल्लक आहे ते शोधा. ठेकेदाराच्या डिझेलच्या पावत्या असतील. चालकांच्या आणि मुकादमाच्या मोबाइलमध्ये त्या दिवसांचे फोटो असतील, त्यांवर तारीख-वेळ असते. तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षात रोजचे अहवाल गेलेले असतात, त्यांत "अमुक रस्ता मोकळा केला" अशी ओळ सापडते. दरांसाठी त्या वर्षीची सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची काढा आणि तुम्ही दिलेला दर तिच्या शेजारी मांडा. हे सगळं आजच्या तारखेच्या टिपणीसोबत अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं लेखी उत्तर, म्हणून सादर करा. टिपणीत स्पष्ट लिहा की लॉगशीट त्या वेळी ठेवलं गेलं नव्हतं, त्याऐवजी हे पुरावे आहेत. प्रामाणिक अनुपालनाने मोठमोठे आक्षेप निकाली निघताना मी पाहिले आहेत. काही रक्कम अमान्य होईलही, तेवढी तयारी ठेवा.

आणि पुढच्या वेळेसाठी एवढं मात्र आजच करून ठेवा. ही गोष्ट मला फार जवळची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, यंत्रांचे दर मागवून ठेवा. जेसीबी, पोकलेन, डंपर, लाकूड कापायची मशीन, पाण्याचा टँकर. वर्षभरासाठी दरकरार झाला की वादळाच्या रात्री कोणाशी घासाघीस करावी लागत नाही, आणि "दर कशावरून" हा आक्षेपच उद्भवत नाही.

जेसीबीच्या केबिनमध्ये तासांचं मीटर असतं. काम सुरू करताना त्या मीटरचा फोटो, काम थांबवताना दुसरा फोटो. एका छापील कागदावर यंत्राचा नोंदणी क्रमांक, चालकाचं नाव, जागा (नुसतं "वॉर्ड ३" नको, "मारुती मंदिर ते जेटी रस्ता" असं), सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, मुकादमाची सही आणि जिथे काम झालं तिथल्या एका रहिवाशाची सही. डंपरच्या बाबतीत खेपा मोजा आणि गाळ कुठे टाकला ते लिहा, कारण गाळ टाकायची जागाही पुढे विचारली जाते. हे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. जुलैत कोकणात कागद एका रात्रीत लगदा होतो आणि शाई पसरते, म्हणून माझा आग्रह पेन्सिलीचा नसला तरी फोल्डरचा नक्की आहे. संध्याकाळी त्या दिवसाच्या सगळ्या कागदांचे फोटो कार्यालयाच्या ईमेलवर पाठवायचे. कार्यालयातच पाणी शिरलं तरी नोंद वाचते.

आपत्तीच्या खर्चाची नोंदवही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. नियमित नालेसफाईचा ठेका आणि पुरानंतरची सफाई एकाच देयकात घालू नका. नियमित देखभाल प्रतिसाद निधीतून चालत नाही, आणि दोन्ही मिसळलं की लेखापरीक्षक सगळंच बाजूला काढतो. निधी आला की विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत पाठवा. एका कामाचं प्रमाणपत्र अडलं म्हणून पुढच्या कामांचा हप्ता थांबलेला असतो आणि गावात कोणाला त्याचं कारणही कळत नाही.

प्रश्न : आम्ही गुहागरचे. मुलगी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या एका शहराच्या नगर प्रशासनात आहे, चक्रीवादळानंतर केंद्र सरकारकडून येणाऱ्या अनुदानाचा हिशोब बघते. फोनवर ती म्हणते, "बाबा, पैसे मिळवण्यापेक्षा मिळालेले टिकवणं कठीण." तिथेही असंच असतं का? मला तिचं काम नीट समजून घ्यायचंय.
– एक वडील

उत्तर : काका, तुमची मुलगी अगदी बरोबर बोलते आहे, आणि तिचं काम फार मोलाचं आहे.

तिकडे १९८८ चा स्टॅफर्ड कायदा आहे. राष्ट्राध्यक्षांनी मोठी आपत्ती जाहीर केली की फेमा ही केंद्रीय संस्था शहरांना सार्वजनिक कामांसाठी मदत करते. पात्र खर्चाचा किमान ७५ टक्के वाटा केंद्राचा, उरलेला राज्याने आणि शहराने मिळून उचलायचा. आकडा ७५ चाच आहे म्हणून फसू नका. आपल्याकडे तो निधी भरण्याचा वाटा आहे, तिथे तो प्रत्येक कामाच्या खर्चाचा वाटा आहे. तिथेही शहराला थेट पैसे मिळत नाहीत, अनुदान राज्याच्या नावावर येतं आणि राज्यामार्फत शहराला जातं. बहुतेक वेळा शहर आधी खर्च करतं आणि मग प्रतिपूर्ती मागतं. म्हणजे वादळानंतर शहराच्या तिजोरीत स्वतःचे पैसे नसतील तर हाल होतात.

कामांचे ए ते जी असे सात वर्ग केलेले आहेत. ए म्हणजे पडझडीचा कचरा उचलणं, बी म्हणजे जीव वाचवण्याची तातडीची कामं. पुढचे पाच कायमस्वरूपी दुरुस्तीचे : रस्ते-पूल, जलनियंत्रणाच्या सुविधा, इमारती आणि यंत्रसामग्री, पाणी-वीज-सांडपाणी आणि शेवटी उद्यानं वगैरे. कचऱ्याच्या प्रत्येक ट्रकला तिथे चिठ्ठी असते. ट्रकचा क्रमांक, त्याची क्षमता, कुठून भरला, कुठे रिकामा केला. वरच्या उत्तरात जेसीबीच्या कागदाबद्दल लिहिलं तेच हे.

टिकवणं कठीण का, तर नंतर तपासणी होते. "झालेला खर्च अधिक त्यावर अमुक टक्के नफा" अशा पद्धतीचा ठेका दिला असेल तर तो केंद्रीय नियमांत निषिद्ध आहे, कारण खर्च जितका फुगेल तितका ठेकेदाराचा नफा वाढतो. विम्याचे पैसे मिळाले असतील तर तेवढी रक्कम अनुदानातून वजा होते, एकाच नुकसानीचे दोनदा पैसे घेता येत नाहीत. खर्चाचा अंतिम अहवाल दिल्यानंतरही सर्वसाधारणपणे तीन वर्षं सगळे कागद जपावे लागतात. यांतलं काही चुकलं तर दिलेले पैसे केंद्र परत मागतं, आणि तोवर शहराने ते रस्त्यात, पंपात घालून टाकलेले असतात.

तिला एक विचारा : तिच्या शहरात कर्मचाऱ्यांचे जादा कामाचे तास कोण आणि कसे नोंदवतं? आपल्याकडे सफाई कामगार पुरात छातीभर पाण्यात उभे राहतात आणि त्यांच्या त्या तासांची नोंद हजेरीपटात नुसत्या "उपस्थित" शब्दात विरून जाते. तिकडच्या पद्धतीतून हे शिकण्यासारखं आहे, आणि तिने दोन पानं लिहून पाठवली तर या सदरात मी आनंदाने घेईन.

प्रश्न : आमच्या मुंबईकर मंडळाने गावच्या दवाखान्याचे उडालेले पत्रे स्वखर्चाने बसवून दिले. नंतर कळलं, नगरपंचायतीला त्याच छपरासाठी सरकारी निधीही मंजूर झालाय. आता आमचं नाव वापरून कोणी पैसे उचलेल अशी भीती वाटते.
– मंडळाचे चिटणीस, रायगड जिल्हा

उत्तर : भीती बाळगत बसू नका, मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवा. पत्र्यांचं बिल, मजुरीची पावती आणि बसवलेल्या छपराचे फोटो जोडा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. त्याच कामासाठी सरकारी निधी काढता येणार नाही. दवाखान्याचं दुसरं नुकसान शिल्लक असेल, वीजजोडणी, खिडक्या, औषधांची खोली, तर नगरपंचायत सुधारित अंदाजपत्रक करून बदलाची मंजुरी मागू शकते, आणि तशी मागणी तुमच्याच पत्रात करा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात त्या कामाची प्रशासकीय मान्यता आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागवा. छपराचं मोजमाप कोणी, कोणत्या तारखेला घेतलं ते त्यात लिहिलेलं असतं.