आधी पाटी, मग चित्र : कोझी गेमच्या कव्हरविषयी प्रश्नोत्तरे

या वेळी बहुतेक पत्रांसोबत कोझी गेमचं, म्हणजे घाईगडबड नसलेल्या निवांत गेमचं, कव्हरही जोडलेलं होतं. ती सगळी मी आधी मोबाइलवर नखाएवढी करून पाहिली, पत्रं मागाहून वाचली. गेम विकत घेणाराही याच क्रमाने जातो.

ताई, कव्हर रंगवायला दीड महिना गेला. टेकडीवरचं घर, बाग, ओढा, गावातली सहा माणसं, मांजर, सगळं आहे. मोठं करून पाहणारा प्रत्येकजण वाहवा करतो. पण स्टीमच्या ऑनलाइन दुकानात क्लिक येत नाहीत. कुठं चुकलं?

‘मोठं करून पाहणारा’ या तीन शब्दांतच चूक आहे. दुकानात तुमचं चित्र कोणी मोठं करून पाहत नाही. स्टीम मेन कॅप्सूल (दुकानातल्या कव्हरला ते कॅप्सूल म्हणतं) १२३२ × ७०६ पिक्सेलची मागतं, स्मॉल कॅप्सूल ४६२ × १७४ ची. त्या लहानीपासून ते आपोआप आणखी दोन आकार बनवतं आणि त्यातला धाकटा असतो १२० × ४५. म्हणजे सगळे मिळून ५,४०० पिक्सेल. मोठ्या कॅप्सूलमध्ये साडेआठ लाखांवर असतात. जवळजवळ १६० पट फरक! त्या पट्टीत तुमच्या सहा माणसांच्या वाट्याला प्रत्येकी तीन-चार पिक्सेलचं डोकं येतं, आणि मांजर कुठाय ते फक्त तुम्हाला माहीत असतं.

शिवाय आकारांची ठेवणही वेगळी. स्मॉल कॅप्सूल लांबट पट्टी, हेडर (गेमच्या पानाच्या माथ्यावरचं चित्र) ९२० × ४३०, लायब्ररीतलं, म्हणजे विकत घेतलेल्या गेमच्या यादीतलं, कव्हर ६०० × ९०० म्हणजे चक्क उभं. एकच चित्र कापून सगळीकडे बसवणं म्हणजे थोरल्याचा सदरा धाकट्याला घालणं. प्रत्येक आकारासाठी मांडणी नव्याने करा. लहान पट्टीत जवळजवळ सगळी जागा नावाला द्या, मागे फार तर एक ओळखीचा रंग. हेडरमध्ये नाव आणि एक पात्र. ओढा-बागेचे लाड मोठ्या कॅप्सूलमध्ये करा, तेही बेताने.

आता खरी गोष्ट. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की नायिका गावात पत्रं वाटते. अहो, मग चित्रात पत्रांची पिशवी कुठे आहे? खेळणारा तासन्‌तास जे काम करणार, तेच कव्हरवर नाही. मुलगी, खांद्याला पिशवी, हातात एक पाकीट, मागे उजेड असलेली एक खिडकी. बस्स. बाकीची मंडळी स्क्रीनशॉटमध्ये येऊ द्या. स्टीम निदान पाच स्क्रीनशॉट मागतंच.

सगळ्या कोझी गेमची कव्हरं सारखीच दिसतात. गुलाबी-पिवळं आकाश, मशरूम, झोपलेली मांजर. मीही तेच करू की वेगळं काही? वेगळं केलं तर लोकांना गेम कोझी वाटेल का?

सारखेपणाला उगाच नावं ठेवू नका. चाळणाऱ्याच्या मनात एक कप्पा असतो आणि गोल आकार, मऊ कडा, उबदार रंग बघून तो तुम्हाला त्या कप्प्यात टाकतो. तिथवर सारखं दिसणं फायद्याचंच. अडचण पुढे येते. त्या कप्प्यात आधीच शंभर मांजरी झोपलेल्या असतात.

ऊब रंगाच्या डबीतून येत नाही, शेजारून येते. सगळं चित्र पिवळं-केशरी केलंत तर ते नुसतं पिवळं दिसतं. बाहेर निळसर पाऊस आणि आत एक दिवा, की लगेच आत जावंसं वाटतं. थंडीचा भाग मोठा ठेवा, उबेचा लहान. मग डोळा आपोआप त्या उजेडाकडे जातो आणि तिथेच तुमचं पात्र बसलेलं असावं.

मात्र थंडी कुठे थांबवायची हे कळायला हवं. एका मासेमारीच्या गेमसाठी मी एकदा धुक्यातली एकटी होडी रंगवली होती. मला ती शांत वाटत होती. मैत्रिणीने पाहिलं आणि विचारलं, “पाण्याखालून काय बाहेर येणारंय?” धुकं, एकटा माणूस, तोंड झाकलेलं : हा भयकथेचा वेश. मी धुकं तेवढंच ठेवलं, होडीत कंदील ठेवला, कोळ्याचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि त्याच्या हातात किटली दिली. कोणी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

वेगळेपणा रंगात शोधण्यापेक्षा कामात शोधा. शेती, चहाचं दुकान, मासेमारी हे सगळे करतात. तुमच्या गेममध्ये घड्याळं दुरुस्त करायची असतील तर हातातलं उघडं घड्याळ हेच तुमचं मशरूम.

नावासाठी नाजूक, हस्ताक्षरासारखा फॉन्ट घेतला आहे. गेमच्या स्वभावाला शोभतो. पण मित्र म्हणतात वाचता येत नाही.

मित्र बरोबर आहेत. बारीक रेघ लहान आकारात मागच्या रंगात विरघळते. हाताने लिहिल्यासारखं ठेवा, पण जाड करा. कोपरे गोलसर ठेवले की जाड अक्षरही मवाळ दिसतं. मागे धूसर सावली देण्यापेक्षा भोवती एकरंगी जाड कड द्या. लांब नाव दोन ओळींत मोडा आणि ‘चा’, ‘ची’, ‘आणि’ यांना लहान करा.

देवनागरीत नाव असेल तर एक जास्तीची अडचण येते. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, त्यामुळे त्याच उंचीत मुख्य अक्षर रोमनपेक्षा लहान पडतं. यावर चांगला उपाय म्हणजे फॉन्टवर न थांबता अक्षरं रेखाटून घेणं : मात्रा आखूड, उकार अक्षराला चिकटलेले, शिरोरेघ भक्कम. शिरोरेघेला फांदी, दोरी किंवा फळी करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. करा, पण फळीवर पानंफुलं चढवताना मात्रा झाकल्या जाणार नाहीत हे बघा.

एका स्पर्धेत आम्हाला पुरस्कार मिळाला. त्याचं चिन्ह कव्हरवर टाकू का?

स्टीमवर नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून तिथे कॅप्सूलवर फक्त गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक चालतं. पुरस्कार, परीक्षणातले गुण, ‘सवलत’ असलं काही नाही. मोठं अपडेट आलं तर त्याविषयीचा मजकूर असलेलं तात्पुरतं कव्हर लावता येतं, जास्तीत जास्त महिनाभर. पुरस्काराचं कौतुक ट्रेलरमध्ये करा. अभिनंदन!

आमचा गेम पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांत, आहे. कव्हरही तसंच असावं, की रंगवलेलं?

दोन्ही चालतं आणि दोन्ही फसतं. रंगवलेलं कव्हर पाहून आत आलेल्याला चौकोनी पात्रं दिसली की काही जण नाक मुरडतात. म्हणून रंगवलंत तर पात्राची प्रमाणं, कपड्यांचे रंग, टोपीचा आकार गेममधलाच हवा. सुंदर पण अनोळखी मुलगी नको.

पिक्सेलचंच ठेवायचं असेल तर गेममधलं पात्र उचलून ताणू नका. पूर्ण पटीतच वाढवा, दुप्पट, चौपट, आणि तेही नीअरेस्ट नेबर पद्धतीने (रंग न मिसळता प्रत्येक ठिपका जसाच्या तसा मोठा करून), नाहीतर कडा लोण्यासारख्या होतात. त्याहून चांगलं म्हणजे कव्हरसाठी वेगळं, मोठं पिक्सेल चित्र काढणं. माझा कल याच बाजूला आहे. मात्र १२० × ४५ च्या पट्टीत पिक्सेलचे चौकोन कोणालाच दिसणार नाहीत. तिथे नावच कामाला येईल.

स्वतःला चित्र येत नाही. आर्टिस्टला काय सांगायचं? एआय वापरलं तर?

‘क्यूट आणि कोझी’ एवढंच सांगू नका, त्यातून तीच मांजर येते. गेम खेळायला द्या. मग एका वाक्यात सांगा : कोण, काय करतंय, कुठे उजेड आहे. आधी तीन-चार काळी-पांढरी लहान रेखाटनं मागा आणि निवड तिथेच करा. रंग भरल्यावर मांडणी बदलायला लावणं हा अत्याचार आहे.

हातात काय पडणार ते पैसे ठरवतानाच लिहून घ्या. पात्र, पार्श्वभूमी आणि नाव वेगवेगळ्या लेअरवर (थरांवर) असलेली फाइल हवीच, कारण लायब्ररीतलं ३८४० × १२४० चं आडवं चित्र नावाशिवाय द्यावं लागतं आणि लोगो वेगळा, पारदर्शक पीएनजीमध्ये. पोस्टर, टी-शर्ट यांवर चित्र वापरण्याचे हक्कही आत्ताच बोला.

एआयचं म्हणाल तर जानेवारी २०२४ पासून स्टीम त्याच्या वापराबद्दल विचारतं आणि ती माहिती गेमच्या पानावर दिसते. माझं मत विचाराल तर कोझी गेमचा ग्राहक हाताच्या कामावर जीव टाकणारा असतो. त्याच्यापुढे हे नेऊ नका.

नवं कव्हर जुन्यापेक्षा चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

घरच्यांना विचारू नका. त्याच प्रकारच्या वीस गेमच्या कव्हरांत तुमचं मिसळा, दुकानात दिसतात त्या आकारात ठेवा आणि अनोळखी माणसाला पाच सेकंद दाखवून झाका. ‘कोणतं आठवतं?’ मग तुमचं कव्हर दाखवून विचारा, ‘यात काय करायचं असेल?’ पहिल्या प्रश्नाला तुमचं नाव आलं नाही तरी चालेल. दुसऱ्याचं उत्तर चुकलं तर मात्र कव्हर बदला.

गेम आधीच दुकानात असेल तर गूगल प्लेमध्ये दोन चित्रं समोरासमोर तपासायची सोय आहे. स्टीमच्या अहवालात चित्र किती वेळा दिसलं आणि किती जण पानावर आले हे दोन्ही कळतं. बदलण्याआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे घ्या, त्यांत सेल किंवा महोत्सव नको. तुलना एकाच ठिकाणाहून आलेल्या लोकांची करा. शोधातून आलेला आणि दुकानाच्या पहिल्या पानावरून आलेला यांच्या क्लिकची सवय वेगळी असते. आणि एका वेळी कव्हरच बदला. त्याच दिवशी किंमत, ट्रेलर आणि टॅगही बदललेत तर मला पत्र पाठवू नका.