इंग्रजांच्या काळातले पूर्वज, जमिनीचे आणि कोर्टाचे कागद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं गाव कराड तालुक्यात. आजोबा मुंबईला गिरणीत आले आणि इथलेच झाले. गावी थोडी जमीन आहे, ऑनलाइन सातबारा काढला तर त्यावर चुलत्यांचीच नावं. आजोबांचे वडील, त्यांच्या आधीचे कोण, हे इंग्रजांच्या काळातल्या कागदात सापडेल का? ऑफिसात गेलो तर नाव आणि साल सांगा म्हणतात, आणि आम्हाला तेच तर शोधायचंय.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दादा, नाव-साल नाही म्हणून परत फिरू नका, तुमच्याकडे जमीन आहे आणि तीच सगळ्यात पक्की खूण आहे. जुन्या नोंदीत आडनाव कित्येकदा नसतंच, एकाच गावात चार तुकाराम असतात, पण जमीन जागची हलत नाही, म्हणून शोध नावावरून न करता जमिनीवरून करायचा. सातबाऱ्यावर नावाशेजारी जे नंबर दिसतात ते फेरफाराचे, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचे. त्यातला वारसाचा फेरफार काढा, त्यात कोण कधी वारलं आणि वारस कोण कोण ते लिहिलेलं असतं, मग त्या वारलेल्या माणसाचं नाव कुठल्या फेरफाराने लागलं ते बघा, असं एकेक पिढी मागे जायचं. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर स्कॅन करून टाकलेत, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या.

मधे एक ठिकाणी सगळेच अडकतात. आजचा गट नंबर एकत्रीकरण योजनेतून, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र करायच्या योजनेतून आला, तो १९४७ च्या कायद्यानंतरचा, त्याआधी सर्व्हे नंबर होते. त्यामुळे गट नंबर घेऊन ब्रिटिश काळातलं रजिस्टर कितीही चाळलं तरी काही हाती लागणार नाही. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून एकत्रीकरणाचा 'नऊ-तीन नऊ-चार'चा उतारा घ्या, त्यात जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा मिळतो, आणि मग पुढचं दार उघडतं.

हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, १९१३ ला तो जमीन महसूल कायद्यात घातला, म्हणून फेरफारांची साखळी साधारण त्या काळापर्यंत जाते. शिवाय कडईपत्रक आणि पाहणीपत्रक, म्हणजे सातबाऱ्याच्या आधीची पत्रकं, मागा. त्याच्याही मागे जायचं तर सर्व्हेचे कागद. इंदापूर तालुक्यात १८३६ ला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवीन मोजणी आणि आकारणी बसवली, तीच पद्धत पुढे बाकी जिल्ह्यांत गेली आणि साधारण तीस वर्षांनी फेरमोजणी व्हायची. दोन्ही वेळचे खातेदार शेजारी शेजारी ठेवून बघा, पहिल्यात 'राणोजी बिन मालोजी' आणि दुसऱ्यात त्याच नंबरावर 'तुकाराम बिन राणोजी' असं दिसलं की दोन कागदांत तीन पिढ्या मिळाल्या, यापेक्षा मोठा आनंद नाही हो!

वाचताना एवढं माहीत असू द्या, बिन किंवा वलद म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको, अ.पा.क. म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा पालनकर्ता, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ए.कु.मॅ. दिसलं की समजायचं, जमीन एकट्याच्या नावावर दिसते पण मागे भाऊ आहेत, त्यांना शोधा. साल फसली असेल तर ५९० मिळवा, शके असेल तर ७८, म्हणजे इसवी सन येतो, एखाद्या वर्षाचा फरक पडतो तेवढा धरायचा.

गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, हेही विसरू नका. २०२३ ला शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा हीच रजिस्टरं पुन्हा बाहेर निघाली. बरंचसं मोडीत आहे, मोडी वाचणाऱ्याला पैसे देऊन वाचून घ्या, अंदाजाने वाचू नका.

आणि घरात इनाम किंवा वतन होतं असं कुणी बोलत असेल तर पुण्याचं पुरालेखागार, म्हणजे आपलं पेशवे दफ्तर, गाठायलाच हवं. इनाम कमिशनने, ज्याचा कायदा १८५२ चा, इनामदारांना सनद दाखवा आणि मूळ इनामदाराशी नातं सिद्ध करा म्हणून सांगितलं, त्यामुळे लोकांनी आपल्या वंशावळी स्वतःच लिहून दिल्या. पण हक्क वाचवायला दिलेला कागद आहे तो, दुसऱ्या पुराव्याशी जुळवल्याशिवाय खरा धरू नका.

प्रश्न : ताई, माझ्या पणजीचं नावही कुणाला माहीत नाही. तरुणपणी विधवा झाली आणि जमिनीसाठी दिरांशी कोर्टात भांडली एवढंच आई सांगते. ते कागद मिळतील का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण वंशावळ काढताना घरातल्या बायकांना कुणी शोधतच नाही. जमिनीच्या कागदात त्या क्वचित येतात, नवरा गेल्यावर 'कोम' लावून, पण कोर्टात त्या स्वतः बोलतात.

आधी त्या जमिनीचे फेरफार बघा. कोर्टाच्या हुकुमाने नाव बदललं असेल तर फेरफारात दाव्याचा नंबर आणि साल असतं, 'रे.मु.नं.' (रेग्युलर मुकदमा नंबर) असं काहीतरी. तो नंबर घेऊन जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज करा. बाकी कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात पण निकाल आणि हुकूमनामा राहिलेला असण्याची आशा जास्त असते, आणि जुन्या निकालात जज सगळं घराणंच मांडायचे, कोण कुणाचा मुलगा, वाटणी कधी झाली, कुणी कुणाला दत्तक घेतलं. प्रकरण अपिलात हायकोर्टापर्यंत गेलं असेल तर १८७६ पासून छापलेल्या इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या बॉम्बे सिरीजमध्येही बघा, साध्या शेतकऱ्यांची नावं आहेत त्यात. १८२७ च्या रेग्युलेशनखाली कोर्ट वारस दाखले द्यायचं, आजही देतं, त्याचीही चौकशी करा.

पणजीने दत्तक घेतला होता का हे घरी जरूर विचारा. आपल्याकडच्या कायद्यात विभक्त घरातल्या विधवेला नवऱ्याची परवानगी नसली तरी दत्तक घेता यायचं आणि दीर त्यावरूनच कोर्टात जायचे. दत्तक गेलेल्या मुलाच्या बापाचं नाव बदलतं, मग पुढची सगळी साखळी दुसऱ्याच घरात जाते आणि आपण वर्षानुवर्षं चुकीच्या माणसामागे फिरतो. दत्तकपत्र रजिस्टर झालं असेल तर सब-रजिस्ट्रारकडे विचारा.

तुमच्या भागात अजून एक. सुप्याला १८७५ ला सावकारांविरुद्ध दंगा झाला, मग १८७९ ला डेक्कन शेतकऱ्यांचा कायदा आला आणि कोर्टाला कर्जाचा हिशेब अगदी सुरुवातीपासून उघडायची मुभा मिळाली. गहाणाचा दावा सापडला तर कर्ज कशासाठी काढलं, बैल, बी, मुलीचं लग्न, हेही वाचायला मिळू शकतं.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीकडचे, पिढ्यान्पिढ्या खोताची कुळं, नावावर जमीनच नव्हती. मग आमचं काहीच सापडणार नाही का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सापडू शकतं, आणि तुम्ही शोधाच. १८८० च्या खोती कायद्याखाली रत्नागिरीत जी बोटखतं, म्हणजे खोती गावांच्या जमिनीची नोंदपत्रकं झाली त्यात खोताबरोबर जमीन कसणाऱ्यांचीही नोंद आहे, भूमी अभिलेख आणि तहसील दोन्हीकडे 'बोटखत' असं नाव घेऊन मागा. खोत आणि कुळांचे खंडावरून दावे खूप झाले, त्यात कुळं प्रतिवादी म्हणून येतात, बापाच्या नावासकट. ज्यांच्याकडे महारकी किंवा दुसरं गावकामगार वतन होतं त्यांनी १८७४ च्या वतन कायद्याखालची रजिस्टरं बघावीत, त्यात वतनदार आणि हिस्सेदार मिळतात. तुमची वाडी कुठल्या खोताकडे होती ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारून घ्या, बोटखतात शोधायला तेवढं पुरतं.